पदराला चार बोटं

माळ्यावरचा मोठा डबा काढायला जयमाला स्टुलावर चढली आणि डब्याच्या मागे तिच्या हाताला लागला तो स्टीलचा पेला. लहानसा, दूध प्यायचा. तिने तो खाली आणला, पदराने पुसला आणि सवयीने नाव कुठे घातलंय ते बघायला फिरवला. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरचं होत नाही. बारशात आलेलं असो नाहीतर लग्नात, टकटक करून नाव घालून घ्यायचंच. पेल्यावर नाव नव्हतं. नाव असायच्या जागी दोन बोटं रुंद, घासून घासून पांढरा पडलेला चट्टा होता.

हे तिसरं भांडं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी एक वाटी सापडली होती, नंतर एक ताटली. तिन्हींना तसाच चट्टा. तिने त्यावरून अंगठा फिरवला, तर जरासं खोलगट लागलं.

"त्यो हिकडं दे," मागून आवाज आला. कलाबाई, तिची सासू, कधी येऊन उभी राहिली होती ते कळलंच नव्हतं.

"आई, यावर नाव होतं ना?"

"जुनं भांडं हाय. झिजलंय."

"नावापुरतंच झिजलं?"

कलाबाईने पेला घेतला, पदराआड धरला आणि मागच्या दारी निघून गेली. तिथे ती काय करते ते जयमालाला माहीत होतं. भर दुपारी भिंतीकडे तोंड करून धुण्याच्या दगडावर बसायची आणि ओठ हलवायची. आवाज नाही. त्रिशरण म्हणते म्हणावं, तर त्याची ओठांची चाल जयमालाला पाठ होती. हे ते नव्हे. हे काहीतरी एकच होतं, पुन्हा पुन्हा. पाहणाऱ्याचं अंग गार पडावं, असं ते बसणं होतं.

आता जे खरं आहे ते सांगून टाकू. भांड्यावर नाव होतं, आणि ते सुगतचं होतं. सुगत जयमालाचा मुलगा, सहा वर्षांचा. मागच्या मे महिन्यात सोनईला आत्याकडे राहायला गेला आणि तिथल्या शेततळ्यात बुडून गेला. शेवगावात फोन आला तेव्हा जयमाला बाजार समितीच्या ऑफिसात पत्रं टाईप करत होती. ती खुर्चीवरून जी कोसळली, ती नगरच्या दवाखान्यातून सोळा दिवसांनी घरी आली. तोवर सगळं उरकलं होतं. माती झाली होती, जलदान विधी झाला होता, घराला नवा रंग लागला होता. आणि सासऱ्यांनी नियम केला होता.

रखमाजी गुरुजी म्हणजे अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत घालवलेले मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हे हो, पण शिस्तीचा असा की दुःख आलं तरी त्याचं परिपत्रक काढणार. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिला बोलायची जबरदस्ती करू नका, ती बोलेल तेव्हा ऐका. गुरुजींनी त्यातलं पहिलं अर्धं तेवढं उचललं. घरातल्या, आळीतल्या, पाहुण्यांतल्या एकेकाला वेगळं बसवून सांगितलं: विषय काढायचा नाही, नाव घ्यायचं नाही, तिच्या नजरेला पडेल असं काही ठेवायचं नाही. आणि लोकांनी ऐकलं! अर्ध्या आळीला त्यांनीच शिकवलेलं. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा होत्या, तिथे छातीइतका तेलरंगाचा हात बसला. जयमालाचा मोबाईल दवाखान्यात हरवला म्हणाले, नवा आला, रिकामा. दाखले, वह्या, चपला गुरुजींच्या कपाटात गेल्या आणि कपाटाला कुलूप लागलं.

पहिले काही महिने जयमालाला वाटायचं, सगळे मला जपतायत. मग वाटायला लागलं, सगळे विसरले. आणि या उन्हाळ्यात तिसरंच काहीतरी डोक्यात शिरलं. ते आलं की तिच्या तळहाताला घाम फुटायचा. मुलगा होता का? की आजारपणात आपणच मनाशी एक रचला? पोटावर रेषा होत्या; पण अंग सुटलं तरी रेषा येतात. एकदा जेवताना नवऱ्याला विचारायला तिने तोंड उघडलं, "अहो, आपला..." तर सम्राट ताटावरून उठून गेला तो दिवेलागणीला परत आला. नंतर तिने विचारलं नाही. विचारायची भीती नव्हती तिला. समोरून "कोण?" असं आलं तर काय करायचं, याची होती.

म्हणून ती शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहायला लागली. मे महिना, शाळेला सुट्टी, फाटकाला कुलूप, डोक्यावर साडेबाराचं ऊन, आणि ही गज धरून रिकाम्या पटांगणाकडे बघतेय. आतून कोणी धावत आलं तर तो होता. सलग नऊ दिवस कोणी आलं नाही. दहाव्या दिवशी शाळेच्या शिपायाने गुरुजींना फोन केला.

त्याचा निकाल आज लागायचा होता.

"जयमाला, बस," गुरुजी म्हणाले. ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होते. सम्राट खिडकीशी उभा होता. वीज खात्यात लाईनमन आहे, आज रजा काढून घरी थांबला होता. "तुझा भाऊ येतोय. त्याचा टेम्पो इथून रिकामाच कोपरगावला परत जायचाय. तीन वाजता निघ त्याच्याबरोबर. माहेरी राहा चार-सहा महिने. हवापालट होईल."

"चार-सहा महिने?"

"बरं वाटलं की ये. पुंजारामशी मी सगळं बोललोय."

जयमालाने सम्राटकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाना म्हणतात ते... म्हणजे तुझ्याच..." एवढं बोलून सम्राट थांबला. या घरात हल्ली वाक्यं पुरी व्हायची नाहीत. माणूस मध्येच अडायचा आणि हवेतलं काहीतरी टाळल्यासारखा वळसा घालून दुसरीकडून सुरू करायचा. बघून बघून जयमालालाही आता हवेतल्या त्या जागा ओळखता यायला लागल्या होत्या.

तिने मान हलवली आणि आत आली. आत येऊन ओट्याला टेकली. कोपरगावला सुगतला नीट ओळखणारं कोण होतं? भाऊ वर्षातून एकदा भेटणार, भावजय नवी. तो होता, हे सांगू शकणारी माणसं या चार भिंतींत होती. एकदा टेम्पोत बसलो की संपलं. मग आपण एक कधी मूल न झालेली बाई. तीनच्या आत कोणीतरी त्याचं नाव घ्यायला हवं होतं, आणि तेही आपण होऊन. तिने आधी घेतलं तर काय उपयोग? डोक्याने आजारी माणसाला सगळेच हो हो म्हणतात. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

बारा वाजता धनश्री आली.

धनश्री म्हणजे सम्राटची धाकटी बहीण, सोनईला दिलेली. वर्षभर तिने माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. पहिलं बाळंतपण, पण तेही सासरीच झालं. दोन महिन्यांची मुलगी दुपट्यात घेऊन ती दारात उभी राहिली. तिच्या नवऱ्याने, बजरंगने, जीप आळीच्या तोंडाशीच थांबवून तिथूनच वळवली होती.

"हिला कोणी बोलावलं?" गुरुजींनी विचारलं.

"म्या," कलाबाई मागच्या दारातून म्हणाली.

"आज? आजचाच दिवस सापडला?"

"व्हय, आजचाच."

गुरुजी बायकोकडे बघतच राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात कलाबाईने त्यांना न विचारता कोणाला घरी बोलावल्याचं सम्राटलाही आठवत नव्हतं. त्याने हळूच आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि खिडकीपासून दोन पावलं सरकून आईच्या बाजूला उभा राहिला.

जयमालाने हात पुढे केले. "आण, मी घेते."

धनश्रीचे हात दुपट्याभोवती घट्ट झाले.

"धनश्री, बाळाला तुझ्या आईकडे दे," गुरुजी म्हणाले.

धनश्रीने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि बाळ वहिनीच्या हातात ठेवलं. जयमालाने काही न ठरवता तिचा डावा कोपर वाकला, मान कोपरात बसली, कंबर आपोआप डुलायला लागली, आणि जिभेच्या टोकाशी टक् टक् असा आवाज आला. बाळ शांत झालं. जयमाला मात्र घाबरली. हाताला ही सवय आली कुठून?

"नाव काय ठेवलं?"

"नाही ठेवलं अजून."

"दोन महिने झाले की गं."

"वहिनी, मला तुमच्याशी..." धनश्रीचे डोळे भरले. "त्या दिवशी मी..."

गुरुजी खोकले. वर्गात दंगा व्हायला लागला की खोकायचे तसं, एकदाच. धनश्रीने ओठ मिटले, बाळ परत घेतलं आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. बोलता बोलता राहिली पोरगी! जयमालाला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

बॅग भरायला ती आतल्या खोलीत गेली. चार साड्या घातल्या, गोळ्यांची पाकिटं घातली. बरोबर न्यावं असं या घरात आपलं काय आहे म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं, तर भिंतीवर फोटो होता. तिचा आणि सम्राटचा, दोन वर्षांपूर्वी जयंतीला स्टुडिओत काढलेला. मागे निळा पडदा, सम्राट पांढऱ्या शर्टात, ती हिरव्या साडीत. फ्रेम नवी होती. ती दवाखान्यातून आली तेव्हापासून फोटो तिथेच होता. वर्षभर रोज दिसत होता. तिने तो काढला आणि खिडकीच्या उजेडात नेला.

फोटोतली ती विचित्र उभी होती. उजवा हात अंगापासून लांब, कमरेच्या जरा वर, बोटं किंचित वाकवलेली. हाताखाली काही नव्हतं, नुसता निळा पडदा. असा हवेत हात धरून फोटो कोण काढतं? तिने काच पदराने पुसली. पदराच्या काठावर, बुट्ट्यांच्या मध्ये, कातडीच्या रंगाचे चार ठिपके होते. छपाईचे डाग असतील म्हणून तिने नखाने खरवडून पाहिलं. मग तिने खिळे वाकवून फोटो काचेबाहेर काढला आणि डोळ्यांजवळ धरला.

ठिपक्यांना नखं होती.

ती चार बोटं होती, लहान मुलाची. मनगट नाही, हात नाही, पडद्याच्या पुढे कोणी नाही. नुसती चार बोटं पदर घट्ट धरून होती. तिच्या मानेपासून टाचेपर्यंत काटा आला. भर दुपारची वेळ, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होत होती, आणि तिच्या कमरेशी पदर किंचित ओढला गेल्यासारखं तिला वाटलं. तिने खाली पाहिलं नाही. तशीच उभी राहिली, कारण ती ओढ तिला जायला नको होती.

बाहेर पानं मांडली होती. पुंजाराम वेळेआधीच आला होता. थोराड, घामेजलेला, बहिणीच्या डोळ्याला डोळा न देणारा. धनश्री कोपऱ्यातच होती. वांग्याची भाजी, भाकरी, कांदा. कोणी जेवत नव्हतं, पण सगळे घास मोडत होते. जयमालाने फोटो पानांच्या मधोमध जमिनीवर ठेवला.

"ही बोटं कोणाची?"

पुंजारामने फोटोकडे पाहिलं आणि घाईने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. सम्राटचा घास हातातच राहिला.

"छपाईतला दोष असेल," गुरुजी म्हणाले. त्यांनी फोटोकडे पाहिलंही नव्हतं.

"दोषाला नखं असतात, नाना?"

"जयमाला, जेवून घे. पुढचा प्रवास आहे."

ती उभीच राहिली. नाव तिच्या घशाशी आलं होतं, पण तिने दात आवळून धरले. तिने एकेकाकडे पाहिलं. सम्राटने डोळे मिटले. धनश्रीने बाळाच्या दुपट्यात तोंड खुपसलं. पुंजाराम पाणी पितच होता. तांब्यात एवढं पाणी मावत नसतं. नाही घेणार कोणी, तिला कळलं. कोणी नाही घेणार, म्हणजे नव्हताच.

"दोष न्हाई त्यो," कलाबाई म्हणाली. "सुगतची बोटं हायेत ती."

काही पडलं नाही, काही फुटलं नाही. फक्त जयमाला जिथे उभी होती तिथेच मटकन खाली बसली.

"होता?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आई, होता तो?"

"हुता म्हंजी काय! माज्या मांडीवर वाढला की गं. तुज्या पदराला धरल्याबिगर फोटूला उभा ऱ्हाईना. हुता, बाई. चांगला सा वर्सं हुता."

"कला!" गुरुजी खुर्चीतून उठले. "आपलं काय ठरलं होतं?"

"तुमचं ठरलं हुतं. दोनी येळंला तुमचंच ठरलं."

"दोन्ही वेळेला म्हणजे?" सम्राटने विचारलं.

कलाबाईने हातातली भाकरी ताटात ठेवली. "तुज्या आदी एक हुती आमाला. गौतमी. सव्वा वर्साची."

सम्राटचं तोंड उघडंच राहिलं. धनश्रीने मान वर केली.

"धरनाचं पानी आलं अन् गाव उठलं, तवा आमाला माळावर पत्र्याच्या शेडात आनून टाकलं. तितं तिला हगवन लागली. दोन दिसांत गेली. मी एकोनीस वर्सांची. तुजा बाप म्हनला, आता नाव काढायचं न्हाई, म्हंजी लवकर इसरशील. झबली, टोपरं, समदं पान्यात सोडलं. फोटू तर कोन काढतंय त्या काळात. म्या ऐकलं. मास्तराची बायको ना मी." ती थांबली, पण या खेपेला वाक्य पुरं करायला. "आन् खरंच इसरले रं. तिचं तोंड मला दिसत न्हाई. रोज दुपारी मागं बसते, गौतमी, गौतमी म्हनते, म्हंलं आज तरी दिसंल. न्हाई दिसत. नाक न्हाई, डोळं न्हाई, पांढरं दिसतं नुसतं. घासल्यावानी."

तिने जयमालाकडे बोट केलं. "ह्या पोरीचं तसं मी हू देनार न्हाई. म्हनून बोलावली धनीला. सांग गं, धने. त्या दिवसाचं सांग हिला."

धनश्रीने बापाकडे पाहिलं. गुरुजी खोकले नाहीत. ते खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"चाळीत कांदा भरत होतो आम्ही," धनश्री म्हणाली. "सुगत आंबा घेऊन आला. मी म्हटलं, धुवून खा रे. एवढंच म्हटलं, वहिनी. हातातलं काम सोडून मी उठले नाही, बसल्या जागेवरूनच म्हटलं, धुवून खा. मला वाटलं, रांजणावर जाईल. तो तळ्यावर गेला. तारेचं फाटक नुसतं अडकवलेलं होतं. आवाज आला म्हणून धावले. उडी टाकली मी, पोहता येत नाही तरी. हाताला हात लागला होता, वहिनी! धरला होता मी. पण ते तळ्याच्या तळाला अंथरलेलं प्लास्टिक, सगळं शेवाळलेलं, पाय ठरत नाही, वर येता येत नाही. यांनी दोरी टाकून मला ओढलं तेव्हा माझ्या हातात हात नव्हता. सुटला. माझ्याच हातातून सुटला."

ती रडत नव्हती. एवढी वर्षभर रडली असणार की आता त्याला पाणीच उरलं नसावं. जयमाला तिच्याकडे टक लावून बघत होती. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सोळा दिवसांच्या झोपेपलीकडे नुसता काळोख होता, त्यात आता कांद्याची चाळ दिसायला लागली, तार दिसली, आणि धावणारी धनश्री दिसली.

"कोणता आंबा?" तिने विचारलं.

"काय?"

"आंबा कोणता होता?"

"बांधावरचा. शेप्या."

"त्याला आवडायचा," जयमाला म्हणाली. "घरात कोणाला तो शेपूसारखा वास चालत नाही. त्याला एकट्यालाच चालायचा." आणि मग तिच्या छातीतून जे वर आलं, ते रडणं म्हणावं की ओरडणं, शेजारचा कुकर सुद्धा गप्प झाला. सम्राट धावला, कलाबाई धावली, पण तिने सगळ्यांना ढकललं आणि गुडघ्यांवर सरकत धनश्रीपाशी गेली. धनश्रीने डोळे मिटून घेतले. थप्पड बसणार असंच तिला वाटलं, आणि बसली असती तरी तिने ती घेतली असती. जयमालाने तिचा उजवा हात ओढून घेतला, उलटा करून तळहात पाहिला आणि तो आपल्या गालाला दाबून धरला. सुगतला शेवटचा लागलेला हात हाच होता.

"वर्षभर कुठं होतीस तू?" ती म्हणाली. "वर्षभर हे मला का नाही सांगितलंस?"

"नानांनी..."

"खड्ड्यात जाऊ दे नानांना!"

या घरात असं वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. सम्राट हसला की रडला कोण जाणे, पण त्याचा बांध तिथेच फुटला. त्याने मोबाईलचं कव्हर ओरबाडून काढलं. आत एक लहानसा फोटो होता, शाळेच्या ओळखपत्राचा. "स्टुडिओवाल्याने दोनदा विचारलं मला," तो म्हणाला, "साहेब, पोरगं खरंच काढायचं का? मी हो म्हटलं, जया. दोन्ही वेळेला हो म्हटलं. पण हा नाही देता आला मला." जयमालाने फोटो घेतला. चेहरा होता. नाक होतं, डोळे होते, तेल लावून चोपलेले केस होते. तिने तो कोणाला दिला नाही, मुठीतच ठेवला.

"दात पडला होता तवाचा दिसतोय," पुंजाराम हळूच म्हणाला. "मला टेंपोमामा म्हनायचा. मामा नुसतं कदी म्हनला न्हाई."

"वरचा दात," सम्राट म्हणाला. "डावा."

"डावा कुठला? उजवा," धनश्री म्हणाली. "मला दाखवायला फोन केला होता त्यानं, व्हिडिओवर."

"व्हिडिओवर उलटं दिसतं."

"काहीच माहीत नाही तुम्हाला," जयमाला म्हणाली. डोळे पुसत, नाक ओढत, पण कोणत्याही आईच्या आवाजात. "खालचा होता. खालचा उजवा. पडला तेव्हा माझ्याजवळ होता तो. वरचे हलत सुद्धा नव्हते." कोणी तिच्याशी वाद घातला नाही. असली गोष्ट आईइतकी कोणाला माहीत असणार?

मग ते थांबेनातच. त्याला मुळ्याच्या भाजीची उलटी व्हायची, तो झोपेत मोजायचा, शेजारच्या कोंबड्याला साहेब म्हणायचा, त्याने एकदा गुरुजींचा चष्मा पाण्याच्या टाकीत टाकला होता. एकमेकांचं तोडून बोलत होते सगळे, चुकत होते, आणि जयमाला एकेकाला दुरुस्त करत होती. भाकऱ्या गार झाल्या. तीन वाजून गेले, कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते पुंजारामच्या.

"जये, निघायचं का गं?" त्याने अवघडून विचारलं.

"नाही दादा, तू जा. माझी माणसं इथं आहेत. मी अजून आजारी आहे, मला माहीत आहे. गोळ्या घेईन, डॉक्टरकडे जाईन. पण इथनं."

पुंजारामने मान डोलावली. त्याला बरंच वाटलं असावं.

राहिले गुरुजी. ते मघापासून दाराशी पाठमोरे उभे होते. आळीत कडक ऊन होतं, चिटपाखरू नव्हतं, आणि गुरुजी त्या रिकाम्या आळीकडे बघत होते. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. चष्म्याची गोष्ट निघाली तेव्हाही त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. जयमालाला त्यांचा राग आला होता, अजून होता, आणि बरेच दिवस राहणार होता. तरी तिने कलाबाईकडे पाहिलं. इतका वेळ सगळ्यांना सुगत आठवत होता आणि कलाबाई ऐकत होती. तिच्या तोंडावर, दुसऱ्याच्या पंगतीबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावर असतं, तसलं काहीतरी होतं.

जयमाला उठली आणि दाराशी गेली.

"नाना, गौतमी कशी होती?"

गुरुजी हलले नाहीत. "फार जुनी गोष्ट आहे ती."

"आईंना आठवत नाही. तिला पाहिलेलं आता दुसरं कोणी जिवंत नाही. तुम्ही आहात."

"मला काय आठवणार? मी दिवसभर शाळेत..."

"तुम्हाला आठवत नाही?"

गुरुजींच्या खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली दिसत होती. ते बोलले तेव्हा तो आवाज मुख्याध्यापकाचा नव्हता.

"कानाच्या पाळ्या चिकटलेल्या होत्या," ते म्हणाले. "कलाच्या आहेत तशाच. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. वाटोळं कपाळ. झोपायची ती उपडी, ढुंगण वर करून. त्या शेडात पाऊस वाजला की ती पत्र्याकडे बघून हात हलवायची. शेवटच्या दिवशी पण हलवला होता."

कलाबाई हळूहळू उठली.

"तुमाला समदं ठावं हाय," ती म्हणाली.

"रोज. एकही दिवस चुकला नाही."

"आन् मला दिलं न्हाई? पन्नास वर्सं एकट्यानं ठिवून घेतलं?"

"तुला त्रास होईल म्हणून. मला वाटलं, तू विसरलीस तर निदान एक जण तरी..." गुरुजी वळले. तोंड सगळं ओलं झालं होतं आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं. "चुकलं माझं, कला. पोरी, तुझ्या बाबतीतही चुकलं."

कलाबाईने हात उचलला. मारते की काय असं सगळ्यांनाच वाटलं. तिने त्यांच्या दंडाला धरून त्यांना आत ओढलं, खुर्चीवर नव्हे, खाली चटईवर बसवलं आणि समोर मांडी घालून बसली. जयमाला सासूच्या पाठीला पाठ देऊन टेकली. धनश्री बाळ घेऊन जवळ सरकली.

"परत सांगा," कलाबाई म्हणाली. "कानापासनं."

गुरुजींनी परत सुरुवात केली. पाळ्या सांगितल्या, कपाळ सांगितलं. भुवया पातळ होत्या म्हणाले, डाव्या गालाला खळी पडायची म्हणाले, हसताना आधी खालचा ओठ पुढे यायचा. कलाबाईने डोळे मिटले होते. तिच्या पाठीतली थरथर जयमालाला पाठीवर लागत होती. एकाएकी ती थरथर थांबली.

"जरा हळू," कलाबाई म्हणाली. "दिसाया लागलीय."